बोल्शाक कोण

आयुष्यात मी पुष्कळ पत्रांना उशिरा उत्तरं दिली आहेत, पण दोन महिने उशाशी ठेवून उत्तरच दिलं नाही असं पत्र एकच. ते १९१९च्या नोव्हेंबरात आलं. जाड सरकारी लिफाफा, आत टाइप केलेल्या चार ओळी. पहिल्या तीन ओळींत कार्यालयाचा पत्ता आणि कलमांचे आकडे होते. चौथी ओळ अशी: 'आपल्या घरातला बोल्शाक कोण, हे दहा दिवसांच्या आत लेखी कळवावे.'

आमच्या खेड्यात, म्हणजे जे सोडून आम्ही अमेरिकेत आलो तिथे, घरच्या कर्त्या पुरुषाला बोल्शाक म्हणतात. जेवताना पाव तो कापतो, सोयरिकी तो ठरवतो, आणि तो बोलत असला की बाकीच्यांनी आपापल्या ताटात बघायचं. मला वाटलं, शिरगणतीवाल्यांचं पत्र असेल. इथल्या सरकारला आमच्या घरची एवढी बारीक चौकशी करावीशी वाटते, आणि तीही आमच्याच शब्दात, याचं मला कौतुकच वाटलं.

खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी गावच्या ग्रंथालयात मदतनीस होतो, रोजची वर्तमानपत्रं मीच दांडीला लावायचो, आणि त्या हिवाळ्यात 'बोल्शेविक' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा डोळ्यांखालून जात होता. तरी डोक्यात उजेड पडला नाही. शब्दांच्या बाबतीत माझं असंच होतं. एकाकडे इतकं जवळून बघतो की त्याच्या शेजारचा दिसत नाही.

आणि उत्तर का दिलं नाही, तर मला ते माहीत नव्हतं म्हणून. बाबा जाऊन सहा वर्षं होत आली होती. शेवटच्या दिवशी येवसेईदादाने त्यांना विचारलं होतं, "बाबा, तुमच्यामागे बोल्शाक कोण?" बाबा म्हणाले, "जो शहाणा असेल तो," आणि डोळे मिटले. दादाला वाटलं, आपलं नाव घेतलं. मधल्या भावाला, प्रोखोरला वाटलं, त्याचं घेतलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मला कुणाचंच नाव ऐकू आलं नाही.

तेव्हापासून खालच्या मजल्यावर येवसेईदादा आणि उस्तिन्यावहिनी, वरच्या मजल्यावर प्रोखोर आणि फ्योक्लावहिनी, आणि छपराखाली मी, असे आम्ही एका घरात दोन राज्यांसारखे राहत होतो. कुंपणाला रंग कोणता द्यायचा हे बोल्शाकने ठरवायचं असतं, म्हणून आमचं कुंपण अर्धं हिरवं होतं आणि अर्धं निळं. भिंतीपलीकडच्या मिसेस टटलना आमची भाषा येत नव्हती, पण भांडणातला एक शब्द त्यांना पाठ झाला होता, आणि तो त्यांनी योग्य ठिकाणी कळवला होता, हे मला फार नंतर समजलं.

मी नऊ मसुदे केले. 'घरात बोल्शाक आहे, परंतु नक्की कोण हे ठरलेले नाही.' 'घरात सध्या दोन बोल्शाक आहेत.' 'या पदावरून घरात सहा वर्षे संघर्ष चालू आहे.' यातला एकही पोस्टात पडला नाही ते बरंच झालं असं आज वाटतं, पण तेव्हा मला फक्त व्याकरणाची काळजी होती. आणि भीतीही होती. एकाचं नाव लिहिलं असतं तर दुसऱ्याने मला जन्मभर क्षमा केली नसती.

*

आमचा नाताळ अमेरिकनांच्या नंतर तेरा दिवसांनी येतो. त्या वर्षी तो बुधवारी होता आणि आदल्या दिवशीचा उपास मंगळवारी, जानेवारीच्या सहा तारखेला. आदल्या शुक्रवारी गावातल्या रशियन सभागृहातून पोलिसांनी तेवीस माणसं नेली होती. तिथे मोटार दुरुस्तीचा वर्ग चालला होता. फळ्यावर इंजिनाची आकृती होती, तिचाही फोटो काढून नेला. सरकारच्या मुख्य वकीलसाहेबांनी वॉशिंग्टनमध्ये बसून देशातले सगळे लाल लोक वेचून काढायचा चंग बांधला होता, आणि डिसेंबरात एक बोट भरून रशियाकडे रवानाही केली होती. आमच्या घरात त्यावर एवढीच चर्चा झाली की पितळ कारखान्यात आता माणसं कमी पडणार.

मंगळवारी दुपारी मी ग्रंथालयात होतो. घरी जे घडलं ते मी उस्तिन्यावहिनीकडून ऐकलं, आणि ती दर वेळी थोडं वेगळं सांगायची.

वर्षातून त्या एकाच दिवशी दोन्ही मजले एका टेबलावर जेवत. वहिनी टेबलावर वाळलेलं गवत पसरून वर पांढरी चादर घालत होती, तशी आमची रीत आहे. दारावर थाप पडली. बाहेर गावचा पोलीस आणि लांब कोटातला एक गोरटेला माणूस. वहिनीने त्यांना आधी पाय पुसायला लावले. कोटवाला कागद उघडून काहीतरी लांबलचक बोलला. वहिनीला त्यातला एकच शब्द कळला. बोल्शाक.

"सहा वर्षं देवाला सांगत होते, कुणीतरी येऊन याचा निकाल लाव म्हणून," वहिनी सांगायची. "मला वाटलं, देवाने सरकारला सांगितलं."

तिने त्याला बसायला चांगली खुर्ची दिली. मग जिन्याखाली जाऊन हाक मारली, "फ्योक्ला, तुझ्या नवऱ्याला खाली पाठव. सरकारचा माणूस आलाय. आज काय ते ठरून जाऊ दे."

फ्योक्लावहिनी स्वतःच आधी खाली आली, केस नीट करत. तिला वाटलं, जाऊबाई आधीच त्या माणसाच्या कानाला लागली असणार. तिने येताना वरून बाबांची टोपी आणली होती, पुरावा म्हणून.

"साहेब, ही सासऱ्यांची टोपी. ती आमच्याकडे आहे," असं ती म्हणाली, आमच्याच भाषेत, जरा मोठ्याने, म्हणजे त्याला कळेल.

"टोपी तुमच्याकडे, पण सुरी आमच्याकडे आहे," उस्तिन्यावहिनी म्हणाली, आणि पाव कापायची सुरी त्याच्यासमोर ठेवली.

पोलिसाने ती हळूच उचलून खिडकीत ठेवली.

एवढ्यात येवसेईदादा मागच्या दाराने आला, सकाळपाळी संपवून. कोटवाल्याने त्याच्याकडे बघून तो शब्द उच्चारला. दादाने टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी."

"कोण म्हणालं मी?" जिन्यावरून प्रोखोरचा आवाज आला.

*

मी पावणेचारला घरात शिरलो तेव्हा दोघे भाऊ कोटवाल्याच्या दोन बाजूंना उभे राहून छाती बडवत होते, आणि तो दोघांची नावं लिहून घेत होता. त्याचं नाव लॅथ्रप. चाळिशीचा असेल. हातमोज्याला एका बोटाशी भोक होतं. तीन दिवस झोपलेला नव्हता हे दिसत होतं. मी इंग्रजी बोलतो हे कळल्यावर त्याचा चेहरा इतका उजळला की मला अपराध्यासारखं वाटलं.

"देवाची कृपा," तो म्हणाला. "विचारा यांना, हे कधीपासून बोल्शाक आहेत."

मी विचारलं. दोघेही एकदमच म्हणाले, "चौदा सालापासून."

"म्हणजे तिकडे क्रांती व्हायच्या तीन वर्षं आधीपासून," लॅथ्रप लिहिता लिहिता पुटपुटला. "आणि बोल्शाकचं काम काय असतं?"

"पाव कापायचा," येवसेईदादा म्हणाला.

"कुणाचा पाव?"

"सगळ्यांचा. आणि सगळ्यांना सारखा. तेवढं त्याला येत नाही," प्रोखोरने भावाकडे बोट दाखवलं. "मागच्या ईस्टरला स्वतःला जाड तुकडा घेतला होता."

मी शब्दाला शब्द भाषांतर करत होतो. लॅथ्रपने 'समान वाटप' असं लिहून खाली रेघ ओढली. मग त्याने टेबलावरची चादर जरा उचलली आणि खाली बघत राहिला.

"हे काय आहे?"

"गवत," मी म्हणालो.

"कशाला?"

"चादरीखाली घालायला."

त्याने गवतात हात घालून बघितलं. काही मिळालं नाही, त्यामुळे तो जास्तच विचारात पडला. "ही माणसं मी आल्यापासून सारखी खिडकीतून बाहेर बघताहेत. कुणाची वाट बघताय?"

"ताऱ्याची. पहिला तारा दिसेपर्यंत जेवायचं नसतं."

"तारा," लॅथ्रप म्हणाला. "लाल?"

मी त्याला सांगितलं की हा नाताळचा तारा. तो म्हणाला, नाताळ होऊन बारा दिवस झाले. मी म्हणालो, आमचा उद्या आहे, आम्ही निराळं पंचांग वापरतो. त्याने तेही लिहून घेतलं. वाकून लिहिताना त्याच्या हाताखालचा कागद सरकला, आणि मला तो पूर्ण दिसला.

छापील वॉरंट होतं. 'बोल्शाक या नावाने ओळखला जाणारा, खरे नाव अज्ञात, परदेशी नागरिक. अटक व हद्दपारी.' त्याखाली नावासाठी एक रिकामी ओळ. कडेला पेन्सिलीने मिसेस टटलच्या साक्षीचा सारांश: एका रविवारी हा शब्द एक्केचाळीस वेळा ऐकू आला.

तेव्हा, आणि तेव्हाच, माझ्या डोक्यात तो दुसरा शब्द या शब्दाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"साहेब, यात घोटाळा आहे," मी म्हणालो. "बोल्शाक म्हणजे फक्त कुटुंबप्रमुख."

"शुक्रवारी मला सांगितलं, तो फक्त मोटारींचा वर्ग आहे," लॅथ्रप म्हणाला. त्यात राग नव्हता, फक्त थकवा होता. "तुम्ही शिकलेले दिसता. मला खरं सांगा. या दोन शब्दांचा काही संबंध आहे का?"

इथे कुणीही सरळ माणूस 'नाही' म्हणाला असता. मी माझ्या या स्वभावाबद्दल पुष्कळ विचार केला आहे, आणि त्याचं समर्थन मला अजून सापडलेलं नाही. मी म्हणालो, "धातू एकच आहे. मोठा, जास्त, असा अर्थ होतो. पण प्रत्यय वेगळे आहेत."

"प्रत्यय," लॅथ्रप म्हणाला, आणि वॉरंट पुढे ओढलं.

*

मी आमच्या भाषेत वळलो आणि एका दमात सगळं सांगितलं. हा निकाल लावायला आलेला नाही. याला वाटतं बोल्शाक म्हणजे बोल्शेविकांचा पुढारी. ज्याचं नाव या ओळीत लिहिलं जाईल तो आज याच्याबरोबर जाईल, आणि पुढच्या बोटीने रशियाला. बायकामुलं इथेच राहतील.

चुलीवर खीर रटरटत होती. प्रोखोर नंतर मला म्हणाला की त्या क्षणी त्याला पहिल्यांदा आठवलं ते कुंपण. उरलेला अर्धा भाग आता दादा हिरवा करून टाकणार.

पहिल्यांदा बोलला तो येवसेईदादा. "तसं बघितलं तर," तो घसा साफ करत म्हणाला, "मी नेहमीच म्हणत आलोय की डोकं प्रोखोरचं चांगलं आहे."

"कधी म्हणालास?"

"मनात. बाबा म्हणाले होते, जो शहाणा असेल तो. मी कुठला शहाणा? मी तर सही पण अंगठ्याने करतो."

"दादा, असं बोलू नकोस," प्रोखोर म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता. "थोरला तो थोरला. आपल्याकडे वयाला मान असतो. फ्योक्ला, ती टोपी दे दादाला. ती त्याचीच आहे."

"टोपी राहू दे तुमच्याकडे."

"घे रे. सहा वर्षं चुकून वर राहिली."

फ्योक्लावहिनीने टोपी उस्तिन्यावहिनीपुढे धरली. उस्तिन्यावहिनीने खिडकीतली सुरी उचलून फ्योक्लाच्या हातात कोंबली. पोलीस एक पाऊल पुढे आला, मग मागे सरला. त्या दोघी अशा काही क्षण उभ्या होत्या, एकीच्या हातात सुरी, दुसरीच्या हातात टोपी. मग उस्तिन्यावहिनीचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. तिने टोपी टेबलावर आपटली.

"लाज वाटते मला," ती म्हणाली. "सहा वर्षं कुत्र्यांसारखे त्या एका हाडावर भांडलात. आता त्याला वास येतोय म्हणून एकमेकांच्या ताटात टाकताय. आणि आम्ही दोघीही तेच करतोय. फ्योक्ला, ठेव ती सुरी. तुझा नवरा गेला तर तुझी पोरं मला काय म्हणतील?"

"आणि तुमचा गेला तर मला," फ्योक्लावहिनी म्हणाली, आणि रडायला लागली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती उस्तिन्यावहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सगळी मुलं चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती, तेवढं तरी बरं.

"काय चाललंय?" लॅथ्रपने मला विचारलं.

"ते नम्रपणाने पद नाकारताहेत."

"दोघे?"

"दोघे."

त्याने घड्याळ बघितलं. "मला पाच वाजता पुढच्या घरी पोचायचं आहे. दोन्ही नावं घातली असती, पण वॉरंटावर ओळ एकच आहे. दोन नावं असलेलं वॉरंट वॉशिंग्टनहून परत येतं. मागच्या आठवड्यात आली तशी दोन परत. मला कुणीही एक चालेल."

मी याचं भाषांतर केलं. येवसेईदादा उठला, खुंटीवरचा कोट काढला आणि एक हात बाहीत घातला.

"माझं नाव लिहायला सांग, तिखोन. मी थोरला आहे, यात खोटं काही नाही."

प्रोखोरने कोटाची दुसरी बाही धरली. "बस खाली. तुला बोट लागते. येताना अकरा दिवस बादलीत तोंड घालून होतास. तू तिकडे पोचणारच नाहीस."

"तू पोचून काय करणार आहेस? तुला तर गायही धरता येत नाही."

"शिकेन."

"चाळिसाव्या वर्षी? सोड बाही."

"तू सोड."

मी लहानपणापासून त्यांची भांडणं बघत आलो होतो. हे त्यातलंच एक वाटलं असतं, फक्त दादाचे ओठ थरथरत होते. शिवण उसवल्याचा आवाज आला. बाही प्रोखोरच्या हातात राहिली, आणि दोघेही तिच्याकडे बघत उभे राहिले.

*

आता माझ्याविषयी लिहायचं आहे, आणि मला ते जमेल असं वाटत नाही.

आमच्या घरात अमेरिकेचा नागरिक मी एकटा होतो. त्यात माझी काही हुशारी नाही. परीक्षेला जी पुस्तिका वाचावी लागे ती मला आवडली होती, एवढंच. वॉरंटावरचे 'परदेशी नागरिक' हे शब्द मी वाचले तेव्हाच मला समजलं होतं की या ओळीत कुणाचं नाव घातलं तर बोट सुटेल पण माणूस किनाऱ्यावर राहील. मी ते पंधरा मिनिटं धरून ठेवलं. मला वाटत होतं की माझ्यासारख्याने बोल्शाक म्हणवून घेणं हास्यास्पद आहे, हे लोक हसतील. आणि मला ग्रंथालयाची भीती होती. मोठ्या खिडकीजवळचं टेबल, चामड्याच्या बांधणीचा वास, माझ्या अक्षरातली सूचीपत्रं. जगात तेवढी एकच जागा माझ्या मापाची होती.

"साहेब," मी म्हणालो, "बोल्शाक मी आहे."

लॅथ्रपने वर बघितलं. "तुम्ही?"

"मी."

"मग हे दोघे?"

"ते माझे भाऊ आहेत. मला वाचवत होते."

आयुष्यात मी इतकं सफाईदार खोटं पुन्हा बोललो नाही. मी वर जाऊन नागरिकत्वाचा दाखला आणला. लॅथ्रपने तो दिव्याजवळ धरून दोनदा वाचला, आणि त्याचे खांदे पडले.

"याला मला अटक करता येत नाही," तो पोलिसाला म्हणाला. मग मला म्हणाला, "नोव्हेंबरात तुम्हाला पत्र आलं होतं. उत्तर का दिलं नाही?"

"मला ठरवता येत नव्हतं."

"काय?"

"कोण ते."

त्याने लेखणी खाली ठेवली. मला वाटतं, तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी कळलं असावं, पण त्या कळण्यासाठी त्याच्या कागदावर ओळ नव्हती. तो कागद आवरायला लागला.

"हे बघा. पत्राला उत्तर नाही तोवर फाइल उघडी राहते. फाइल उघडी असली की माझ्यासारखा कुणीतरी येतो, आणि त्या वेळी तुम्ही घरी नसाल. तर लेखी उत्तर पाठवा. पोस्टाने. हातात घेतलं तर त्यावर तारखेचा शिक्का नसतो. पण समजून पाठवा. नाव यादीत जाईल. तुमचं ग्रंथालय गावाच्या पैशावर चालतं ना?"

"हो."

"हं," तो म्हणाला, आणि भोकाचा हातमोजा चढवला.

पोलीस दारात थांबला होता. आभाळ पूर्ण भरलेलं होतं, बर्फाची भुरभुर चालू होती. त्याने मान वर केली आणि उस्तिन्यावहिनीकडे बघून म्हणाला, "बाई, मला तारा दिसतोय."

मी भाषांतर केलं. कुणी खिडकीशी जाऊन खात्री केली नाही.

*

मोटारीचा आवाज गेल्यावर मला वाटलं, कुणीतरी पाठीवर हात ठेवेल. प्रोखोरने बाही टेबलावर टाकली.

"म्हणजे आता तू बोल्शाक."

"कागदावर," मी म्हणालो.

"कागदावर म्हणजे काय? सरकारसमोर म्हणालास. दादा, ऐकलंस ना?"

"ऐकलं," येवसेईदादा म्हणाला. "धाकटा शेंडेफळ. लग्न नाही, मूल नाही. आम्ही सहा वर्षं रक्त आटवलं, आणि हा दोन शब्द इंग्रजी बोलून घेऊन गेला."

"मनात होतंच त्याच्या," प्रोखोर म्हणाला. "वर बसून हेच वाचत असणार."

त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच बघत होतो. फ्योक्लावहिनी पाव घेऊन आली. तिने तो आधी दादाकडे नेला, मग तिचे पाय मध्येच थांबले. उस्तिन्यावहिनीने सुरी पुसली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"भावजी, कापा," ती म्हणाली. "मुलं यायच्या आत. सगळ्यांना भूक लागलीये."

मी पाव वाकडा कापला. एक तुकडा पुस्तकाएवढा जाड, एक पानाएवढा पातळ. येवसेईदादाने स्वतःचा तुकडा दिव्याकडे धरून त्यातून आरपार बघितलं. प्रोखोर म्हणाला, "यापेक्षा दादा बरा कापायचा," आणि दादाने त्याच्या पेल्यात पावाचा आंबट क्वास ओतला.

जेवण झाल्यावर मी तिथेच पत्र लिहायला घेतलं. सगळ्यांचं मत पडलं. दादाला 'आदरणीय' हवं होतं, प्रोखोरला नको होतं. फ्योक्लावहिनी म्हणाली, बोल्शाकच्या पुढे 'तूर्त' घाला, पुढेमागे बदलायला बरं. मी ते घातलं, मग खोडलं. मसुदा दहावा होता, आणि सर्वांत लहान. 'आपल्या १२ नोव्हेंबरच्या पत्रावरून कळवतो की या घरातला बोल्शाक मी आहे. उत्तरास झालेल्या उशिराबद्दल क्षमस्व. तिखोन दुबरोविन, अमेरिकेचा नागरिक.'

दुसऱ्या दिवशी आमचा नाताळ होता आणि अमेरिकेचा साधा बुधवार, त्यामुळे पोस्ट उघडं होतं. चर्चमधून परतताना दोघे भाऊ माझ्याबरोबर आले. बोलावलं नव्हतं. येवसेईदादाच्या कोटाची बाही काळ्या दोऱ्याने शिवलेली होती, टाके उस्तिन्यावहिनीचे नव्हते, फ्योक्लाचे होते. रस्त्यात ग्रंथालय लागलं. पायऱ्यांवरचा बर्फ कुणी काढलेला नव्हता, ते माझं काम होतं. मी थांबलो नाही. त्या महिन्याच्या एकोणीस तारखेला मला तिथून निरोप मिळाला, दोन ओळींचा आणि सभ्य.

पेटीसमोर मी लिफाफा पुन्हा एकदा वाचला. पत्ता बरोबर होता. तरी वाटलं, 'उशिराबद्दल' हा शब्द जरा जास्तच झाला का. प्रोखोर खोकला. मी लिफाफा फटीतून आत सोडला, आणि तो तळाशी पडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

मग ते घरी जायला निघतील म्हणून मी थांबलो. बर्फ पडत होता. दादा आपल्या बुटांकडे बघत होता, प्रोखोर समोरच्या दुकानाच्या पाटीकडे. दोघेही जागचे हलेनात. मी त्यांच्यासाठी थांबलो होतो, आणि बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ते माझ्यासाठी थांबले आहेत, मी पुढे व्हावं म्हणून.